वडिलांचे सोळा दात उरलेत: काढायचे, टिकवायचे की अर्धे-अर्धे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६७ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, बार्शीजवळच्या गावी राहतात, मुलगी पुण्यात. वर सात दात आहेत, पुढचे सहा आणि डावीकडची एक दाढ. पुढच्यांपैकी मधले दोन हलतात. खाली नऊ: पुढचे सहा, डावीकडे दोन उपदाढा (सुळा आणि दाढ यांच्या मधले दात), उजवीकडे एक. बाकीच्या दाढा दोन्ही बाजूंनी गेल्याला दहा वर्षं झाली. मधुमेह आहे, तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ८.६. तंबाखू ‘कमी केली आहे’. तीन डॉक्टरांनी तीन सल्ले दिलेत. पहिला: सगळे दात काढा, वर-खाली इम्प्लांटवर (जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूंवर) फिक्स दात, खर्च ६ लाखांच्या आसपास. दुसरा: आहेत त्या दातांना कॅप घालून लांब ब्रिज (एकमेकांना जोडलेले फिक्स दात) करू, दाढा मागे लोंबत्या ठेवू, दीड लाख. तिसरा: वरचे काढून पूर्ण कवळी, खाली साधी अर्धी कवळी, १८ हजार. आणि मुलीने शेवटी सहज लिहिलंय, ‘बाबा म्हणतात, भाकरी काय, दुधात कुस्करून खातो, पण भजनात शब्द निसटतात त्याचं बघा.’

ताई, तिघांपैकी कुणी फसवतंय असं मला वाटत नाही. ज्याच्या हातात जे काम बसलंय त्याला तेच आधी सुचतं. मी गेली २६ वर्षं फक्त कृत्रिम दातांचंच काम करते, तेव्हा माझाही एक कल असणारच, तो लक्षात ठेवून वाचा. वडिलांचं तोंड मी पाहिलेलं नाही, एक्स-रे पाहिलेले नाहीत. म्हणून ‘हेच करा’ असं सांगणार नाही. ते माझ्या खुर्चीत बसले असते तर मी कुठून सुरुवात केली असती, ते सांगते.

सुरुवात तुमच्या त्या शेवटच्या ओळीपासून केली असती. भाकरी कुस्करून खायची त्यांची तयारी आहे, शब्द निसटलेले त्यांना चालत नाहीत. दुसऱ्या कुणाचं नेमकं उलट असतं: बोलणं कसंही होवो, मटणाचा तुकडा चावता आला पाहिजे. तिसऱ्याला फक्त मुलाच्या लग्नातल्या फोटोची काळजी असते. कागदावर तिघांच्या तोंडाचा नकाशा एकच निघेल आणि तरी तीन वेगळे आराखडे करावे लागतील. कवळी ‘चांगली झाली’ की नाही हे त्या एका गोष्टीवर ठरतं, आणि ती पेशंट बहुतेक वेळा उठून जाताना, दाराशी सांगतो.

मग तब्येत. ८.६ या आकड्यावर मी एकही दात घाईने काढणार नाही आणि एकही इम्प्लांट घालणार नाही. साखर चढी असली की जखम उशिरा भरते, हिरड्यांचा आजार जोर धरतो, आणि तो आजार साखरेलाही खाली येऊ देत नाही. आकडा ७ च्या जवळ यायला निदान तीन महिने लागतात. ते तीन महिने वाया जात नाहीत, पुढे सांगते. ‘कमी केली’ म्हणजे दिवसाला किती पुड्या, हे त्यांना एकट्यांना विचारायला लागेल. मुलीसमोर खरा आकडा येत नाही.

औषधांची यादीही नीट लागते. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, ‘काही औषध नाही’ म्हणाल्या. दात काढायची तारीख दिली. निघताना सून म्हणाली, हाडांसाठी वर्षातून एकदा सलाईन लावतात, ते चालतं ना? ते हाडांच्या ठिसूळपणावरचं औषध होतं. अशा औषधांवर असलेल्या माणसाचा दात काढल्यावर कधीकधी जबड्याचं हाडच उघडं पडून मरतं. २००३ पासून असे रुग्ण नोंदवले जाऊ लागले. प्रकार विरळा आहे, पण झाला की निस्तरणं अवघड. आजींचा दात आम्ही काढला नाही. रूट कॅनल करून मुळं आत ठेवली आणि कवळी वरून बसवली. लोकांच्या लेखी गोळी म्हणजे औषध, वर्षातून एकदा लावलेलं सलाईन म्हणजे औषध नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही विचारा, आणि त्या स्वतःहून बंद करू नका.

आता दात. सोळाच्या सोळा मी एकेक करून तपासते. दोन हत्यारांच्या दांड्यांमध्ये दात धरून हलवायचा, हिरडीतला खिसा मोजायचा (३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ५ च्या पुढे काळजी), एक्स-रेवर मुळाभोवती हाड किती उरलंय ते बघायचं. मग तीन ढीग करायचे: नक्की राहणारे, नक्की जाणारे, आणि सांगता न येणारे. चांगल्या नियोजनाची खरी ओळख तिसऱ्या ढिगात आहे. घाई असली की तो ढीग रिकामा दिसतो, कारण सगळे दुसऱ्यात टाकलेले असतात.

तुमच्या वडिलांचे वरचे दोन हलणारे दात मी आज तरी तिसऱ्या ढिगात ठेवीन. दहा वर्षं मागे दाढा नाहीत. चावण्याचा सगळा भार पुढच्या दातांवर आलाय, आणि पुढचे दात तोडायला घडवलेले असतात, दळायला नाहीत. त्यात हिरड्या सुजलेल्या. असे दात पंख्यासारखे पुढे फाकतात, मध्ये फट पडते, हलू लागतात. जुन्या फोटोत ही फट नसेल, बघा. हिरड्यांची खोल सफाई करून, मागे आधार देऊन सहा ते आठ आठवडे थांबलं की यातले काही दात आश्चर्य वाटावं इतके घट्ट होतात. काही होत नाहीत. पण ते थांबल्यावरच कळतं.

आता तिन्ही सल्ल्यांकडे येते.

इम्प्लांटला माझा अजिबात विरोध नाही. १९६५ साली स्वीडनमध्ये गोटेनबर्गला ब्रेनेमार्क यांनी ज्या पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, त्याला ते ४० वर्षं, मरेपर्यंत पुरले. पण ज्या कारणांनी वडिलांचे दात गेले ती कारणं (हिरड्यांचा आजार, साखर, तंबाखू) तोंडात तशीच असताना दात काढून स्क्रू घातला तर स्क्रूभोवतीचं हाडही त्याच वाटेने जाऊ शकतं. इम्प्लांटला कीड लागत नाही एवढंच. हाडाचा आजार त्यालाही होतो. आणि सोळापैकी निदान नऊ-दहा दात, त्यातही खालचे, चांगले निघण्याची शक्यता मला तुमच्या वर्णनावरून दिसते. चांगला दात काढून त्याजागी चांगला इम्प्लांट घालणं याला मी नियोजन म्हणत नाही.

लोंबत्या दाढांचा ब्रिज मात्र मला नको वाटतो. खालच्या उजव्या बाजूला एकच उपदाढ आहे. तिच्या मागे आधाराशिवाय एक-दोन दाढा लटकवल्या की प्रत्येक घासाला त्या पहारीसारखं काम करतात: मागे दाब, पुढे उचल. उपदाढेचं मूळ बारीक, दाढेवरचा भार मोठा. आँटे यांनी १९२६ साली मांडलेला एक जुना नियम आहे: आधार देणाऱ्या दातांच्या मुळांचं एकूण क्षेत्रफळ बसवायच्या दातांच्या मुळांपेक्षा कमी नसावं. आज तो कुणी शब्दशः पाळत नाही, पण इथे तो इतका ढळढळीत मोडतो की मोजायचीही गरज नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. प्रॅक्टिस सुरू करून चार-पाच वर्षं झाली असताना एका कापड दुकानदारांना मी असाच एक ब्रिज करून दिला होता. काढता-घालता येणारं काही नको, या त्यांच्या हट्टापुढे मी मान तुकवली. दिसायला देखणा झाला, मी त्याचे फोटोही काढून ठेवले. तीन वर्षांनी ते आले, ‘वास येतो’ म्हणून. ब्रिज कापून काढला तर आतली उपदाढ भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी, हत्यार लावलं की थर सुटत होता. सिमेंट एका टोकाला सुटलेलं, आत वर्षभर लाळ शिरत होती आणि वरून काही दिसत नव्हतं. ती उपदाढ गेली, तिच्या पुढचा सुळा खिळखिळा झाला, आणि जिथे आधी एक सोपी अर्धी कवळी बसली असती तिथे आता काहीच नीट बसेना. चूक ब्रिजच्या कारागिरीत नव्हती. हा मोडला तर पुढे काय, याचा विचार मी केलाच नव्हता. तेव्हापासून प्रत्येक आराखड्याच्या मागच्या पानावर मी एक ओळ लिहिते: परतीची वाट कोणती?

तिसरा सल्ला स्वस्त आहे, म्हणून त्याला नाक मुरडू नका. पण तुमच्या वडिलांच्या तोंडात त्यात एक नेमका धोका आहे. वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे खरे दात, ही जोडी वाईट. खालचे दात वरच्या कवळीला पुढूनच ठोकत राहतात. वर पुढचं हाड झिजून तिथे लुसलुशीत मांस उरतं, कवळी पुढे दबते आणि मागून सुटते, खालचे दात वर चढतात, खाली मागचं हाड आणखी बसतं. केली यांनी १९७२ साली हे सगळं चित्र एकत्र मांडलं, आणि आमच्याकडे महिन्यातून दोन-तीन पेशंट तरी त्या चित्रातून उठून आल्यासारखे येतात. खालची अर्धी कवळी नीट वापरली तर हे बरंच टळतं. पण खालची साधी अर्धी कवळी लोक वापरत नाहीत! टोचते म्हणून डबीत जाते, आणि वरची तेवढी तोंडात राहते.

ती टोचते का, हेही समजून घ्या. दात हाडात एका बारीक तंतूंच्या गादीवर बसलेला असतो, चावताना तो जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका दबतो. हिरडीची कातडी त्याच्या कितीतरी पट दबते. मागे एकही दात नसलेली अर्धी कवळी पुढे दातावर टेकते आणि मागे कातडीवर, म्हणजे तिचा एक पाय फरशीवर आणि एक पाय गादीवर. ती झुलणारच. म्हणून तिचा सांगाडा धातूचा ओतीव हवा, दातांवर टेकायला नीट कोरलेल्या खाचा हव्यात, आणि मागच्या हिरडीचं माप वेगळं, हलका दाब देऊन घ्यायला हवं. तयार झाल्यावर मी मागच्या टोकावर बोट दाबते. पुढचे टेकू उचलले गेले तर काम परत लॅबला. ‘फ्लेक्सिबल’ नावाने मिळणारी मऊ कवळी दिसायला छान असते, तार दिसत नाही. पण मागे आधारच नाही अशा जागी ती हिरडीत रुतते. तात्पुरती असेल तर घ्या.

मग मी काय केलं असतं? पहिले तीन महिने साखर, तंबाखू आणि हिरड्या. त्याच वेळी वर-खाली साध्या अॅक्रिलिकच्या तात्पुरत्या अर्ध्या कवळ्या, दात न काढता. शिंपी कच्चा टाका घालून अंगावर बघतो तसं हे आहे. यात मला तीन गोष्टी कळतात: ते कवळी वापरणारे आहेत की डबीत ठेवणारे, हललेले दात मागे आधार मिळाल्यावर सावरतात का, आणि चाव्याची उंची किती असायला हवी. दहा वर्षांत त्यांची हनुवटी नाकाच्या जवळ आली असणार. ती उंची एका दिवसात परत दिली की जबडा दुखतो. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर पेनने ठिपका देऊन अंतर मोजायचं. माणूस निवांत बसलेला असताना वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर फट राहिली पाहिजे.

आणि इथे भजन येतं. परदेशी पुस्तकांत कवळीची परीक्षा इंग्रजी साठ ते सत्तर मोजायला लावून घेतात, कारण त्यात ‘स’ सारखा येतो. आपल्याकडे ती सोय आयतीच आहे: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट करत सत्तरपर्यंत या. ‘स’ म्हणताना वरचे-खालचे पुढचे दात अगदी जवळ येतात पण टेकत नाहीत. टकटक आवाज आला तर उंची जास्त झाली. हवा फुसफुसली तर कमी, किंवा पुढचे दात चुकीच्या जागी. पण मराठी माणसाचं काम ‘स’ने भागत नाही. ‘ट’, ‘ठ’, ‘ण’, ‘ळ’ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकतं, आणि नेमकी तिथेच वरच्या कवळीची पाटी असते. ‘विठ्ठल’ म्हणा आणि जीभ कुठे लागते ते बघा. पाटी जाड असेल तर माळ, टाळ, मृदंगातला ‘टाळ’ बोबडा होतो. म्हणून मी वडिलांना खुर्चीत अभंग म्हणायला लावला असता, पूर्ण. लाजतात लोक, पण दुसऱ्या भेटीला म्हणतात.

या कारणाने वरच्या जबड्यात माझा कल असा: हिरड्यांनी साथ दिली तर पुढचे दात कवळीवर न घेता फिक्सच ठेवायचे. मधले दोन शेवटी जाणारच असतील तर दोन्ही सुळे आणि त्यांच्या शेजारचे दात धरून पुढे सहा दातांचा ब्रिज, म्हणजे पुढची टाळू मोकळी राहते. मागच्या जागेसाठी ओतीव धातूची अर्धी कवळी, जिची पट्टी टाळूवर मागच्या बाजूने जाते. अॅक्रिलिकची पाटी सुमारे दोन मिलिमीटर जाड करावी लागते, धातूची तिच्या पावपट-तिसऱ्या हिश्शात भागते, आणि चहा गरम आहे हेही कळतं. सुळ्यांच्या कॅपमध्येच त्या कवळीच्या टेकूंसाठी खाचा आधीच करून ठेवायच्या. त्या नंतर सुचून उपयोग नाही, म्हणून ब्रिज आणि कवळी दोन्हींचा आराखडा एकाच दिवशी, एकाच साच्यावर व्हायला हवा. डावीकडची दाढ टिकली तर सोन्याहून पिवळं.

खाली नऊ दात जमेल तसे सांभाळायचे आणि मागे ओतीव अर्धी कवळी. पुढे पैसे आणि साखर दोन्ही जमलं तर पहिल्या दाढेच्या जागी दोन्हीकडे एकेक इम्प्लांट. त्यावर फिक्स दात नाही बसवायचे, त्याच कवळीच्या मागच्या टोकाला टेकू द्यायचा. दोन इम्प्लांटने गादीवरचा पाय फरशीवर येतो. खर्च पहिल्या सल्ल्याच्या जवळपासही जात नाही.

तुम्ही विचाराल, दाढा हव्यातच का? नेहमी नाही. नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या कायझर यांनी १९८१ साली दाखवलं की पुढचे दात आणि उपदाढा शाबूत असतील तर पुष्कळ लोकांचं दाढांशिवाय व्यवस्थित चालतं. मी अनेकांना ‘काही बसवू नका’ सांगून परत पाठवते, त्यांना ते थोडं अपमानास्पद वाटतं. पण ही सूट हिरड्या निरोगी असलेल्यांना. वडिलांचे पुढचे दात भाराने फाकतायत, त्यांना ती देता येत नाही.

परतीची वाट: वरच्या ब्रिजमधला सुळ्याशेजारचा एखादा दात उद्या गेला तर मूळ काढून घेता येतं आणि ब्रिज सुळ्यांवर काही काळ राहतो. तोही गेला तर सुळ्यांना रूट कॅनल करून हिरडीलगत कापायचं, त्यावर पूर्ण कवळी. सुळ्याचं मूळ आत असेपर्यंत हाड टिकतं: क्रम आणि रूनी यांनी १९७८ मध्ये खालच्या जबड्यात पाच वर्षं मोजलं, मुळं ठेवलेल्यांचं पुढचं हाड ०.६ मिलिमीटर झिजलं, सगळे दात काढलेल्यांचं ५.२. आणि खालचे सगळेच कधीकाळी गेले तर दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या बैठकीने २००२ मध्ये खालच्या बिनदातांच्या जबड्यासाठी तीच पहिली निवड मानावी असं म्हटलं. म्हणजे पहिल्या डॉक्टरांच्या दुकानात आपल्याला कधीही जाता येतं. तिथून मात्र परत येता येत नाही.

हेच तोंड ३८ वर्षांच्या, गुटखा खाणाऱ्या माणसाचं असतं तर मी सगळं वेगळं सांगितलं असतं. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असूनही तोंड दोन बोटंसुद्धा न उघडणारे तरुण रोज दिसतात. तिथे मापाचा साचाच आत जात नाही, तो दोन तुकड्यांत करावा लागतो, आणि घालता-काढता येईल अशी छोटी कवळी हाच आराखडा. त्याआधी तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांची तपासणी. ८२ वर्षांच्या, अंथरुणावर असलेल्या आजोबांचं असतं तर दुखणारा दात काढून, कवळी असेल तर तीच आतून भरून घेतली असती आणि बाकी त्यांना त्रास दिला नसता.

पैशाचं म्हणाल तर हे सगळं टप्प्यांत होतं आणि प्रत्येक टप्प्यावर थांबता येतं. तात्पुरत्या कवळ्यांनीच समाधान झालं तर थांबा. परवडत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईत नायर दंत महाविद्यालयात कृत्रिम दंतशास्त्र विभाग आहे. खेपा जास्त होतात, पण पदव्युत्तर विद्यार्थी एका कवळीवर जितका वेळ देतात तितका मी खासगीत देऊ शकत नाही. कुठेही गेलात तरी डॉक्टरांना एकच विचारा: यातलं आधी काय निकामी होईल, आणि तेव्हा तुम्ही काय कराल? जो न चिडता उत्तर देईल त्याच्याकडे काम द्या, मग त्याचा आराखडा माझ्यापेक्षा वेगळा असला तरी.

जाताना तीन गोष्टी न्या. साखरेचे मागचे दोन-तीन रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची पाकिटं (यादी नको, पाकिटंच), आणि वडिलांचा दात सगळे असतानाचा हसरा फोटो. दातांची लांबी, फट होती की नव्हती, ओठाखाली किती दिसायचे, हे त्यातून मिळतं. लग्नाचा अल्बम काढू नका, त्या पिढीतला नवरदेव फोटोत हसत नसे. शिक्षक होते ना? शाळेच्या सहलीचा फोटो शोधा.